‘अल्गॉन्क्विन’ म्हणजे नक्की कोण? समाज, भाषा आणि नावाचा पसारा

प्रश्न : सुरंगी (रत्नागिरी)

सप्रेम नमस्कार. आमच्या वाचनालयात दर पावसाळ्यात एक भित्तिपत्रक लावले जाते आणि यंदाचा विषय ‘मूळ रहिवाशांच्या भाषा’ असा ठरला आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२२ ते २०३२ हे दशक या भाषांसाठी जाहीर केलेले असल्याने विषयाबद्दल कोणाचेच दुमत नव्हते. वारली, कातकरी आणि गोंडी यांविषयीचा मजकूर जमला. उत्तर अमेरिकेसाठी राखलेल्या चौकटीत ‘अल्गॉन्क्विन’ घ्यावे असे मी सुचवले आणि तेथेच काम अडले.

हे नाव जेथे भेटते तेथे त्याचा अर्थ निराळा असतो. एका ठिकाणी अल्गॉन्क्विन म्हणजे कॅनडातील ओटावा नदीच्या खोऱ्यातला एक लहान समाज, तर दुसऱ्या ठिकाणी अटलांटिक किनाऱ्यापासून रॉकी पर्वतापर्यंत पसरलेले अनेक समाज याच नावाखाली मांडलेले दिसतात. शिवाय ओंटारियोत या नावाचे मोठे उद्यान आहे, ओटावा शहरात महाविद्यालय आहे, न्यूयॉर्कमध्ये हॉटेल आहे. या सर्वांचा त्या समाजाशी काही संबंध आहे, की केवळ नाव उचललेले आहे? भाषा आज बोलली जाते का, आणि मराठीत हे नाव लिहिताना कोणता भेद पाळावा? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. चौकट लहान असली, तरी तिच्यामागची माहिती पक्की असावी अशी इच्छा आहे.

उत्तर : खाडीकाठ (दापोली)

सुरंगीताई, हा गोंधळ मुळात इंग्रजी आणि फ्रेंच लिखाणातला आहे आणि तो पुष्कळ जुना आहे. तो टाळण्यासाठी अभ्यासक आता दोन निरनिराळे शब्द वापरतात. ‘अल्गॉन्क्विन’ हा एक समाज आणि त्याची भाषा. ‘अल्गॉन्क्वियन’ हे भाषाकुल. मराठीतही ‘क्विन’ आणि ‘क्वियन’ हा फरक कटाक्षाने राखावा, कारण देवनागरीत तो स्पष्ट दिसतो आणि उच्चारातही टिकतो. जुन्या पुस्तकांत मात्र दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी आलेले आढळतील, त्यामुळे ती वाचताना लेखकाला समाज अभिप्रेत आहे की कुल, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते.

कुलाचा विस्तार खरोखरच प्रचंड आहे. क्री, ओजिब्वे, मिकमॅक, ब्लॅकफूट, शायान, अरापाहो, शॉनी, मेनॉमिनी, पोटावाटोमी, लेनापे अशा सुमारे तीस भाषा त्यात येतात. कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावरील वियॉट आणि युरोक या दोन भाषांचे या कुलाशी दूरचे नाते असल्याचे भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपिर यांनी १९१३ मध्ये मांडले, तेव्हा अंतराच्या कारणाने अनेकांना ते पटले नव्हते. मेरी हास यांच्या १९५८ च्या लेखानंतर ते मान्य झाले आणि या विस्तृत समूहाला ‘अल्जिक’ हे नाव रूढ झाले. एवढ्या मोठ्या कुलाला नाव मिळाले ते त्यातल्या एका लहान समाजाचे, कारण फ्रेंचांची त्याच्याशी गाठ लवकर पडली.

ती गाठ १६०३ सालची आहे. सॅम्युएल द शाम्प्लेन हा फ्रेंच प्रवासी सेंट लॉरेन्स नदीकाठी तादूसाक येथे उतरला, तेव्हा इनू व मॅलिसीट हे शेजारी समाज आणि अल्गॉन्क्विन लोक इरोक्वा या शत्रूसमाजावरील विजयाचा उत्सव करीत होते. शाम्प्लेनने त्यांचे नाव ‘अल्गूमेकँ’ असे टिपले. या नावाच्या व्युत्पत्तीबद्दल एकाहून अधिक मते आहेत; त्यांतले सर्वाधिक मान्य मत असे की, ते ‘ते आमचे नातलग, आमचे सोबती’ अशा अर्थाच्या मॅलिसीट शब्दावरून आले. त्या उत्सवात मॅलिसीट हजर होते, ही बाब या मताला पोषकच आहे. म्हणजे हे नाव शेजाऱ्यांनी दिलेले आणि परक्यांनी ऐकून लिहून घेतलेले आहे. ते लोक स्वतःला ‘अनिशिनाबे’ म्हणवतात, पण हे नाव ओजिब्वे, ओडावा, पोटावाटोमी यांनाही लागू असल्याने नेमकेपणासाठी ‘ओमामिविनिनी’, म्हणजे प्रवाहाच्या खालच्या अंगाचे लोक, हा शब्द वापरला जातो.

त्यांच्या इतिहासातला एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. ओटावा नदीला ते ‘किची सिबी’, म्हणजे महानदी, म्हणतात. त्या नदीतल्या एका बेटावर, आजच्या पेंब्रोक शहराजवळ, ‘किचेसिपिरिनी’ या गटाची वस्ती होती आणि तेसुआ हा त्यांचा प्रमुख होता. नदीतून कातड्यांचा व्यापार चाले आणि बेटावरून पुढे जाणाऱ्या होड्यांकडून हे लोक जकात घेत. १६१३ मध्ये शाम्प्लेन तेथे पोहोचला. निकोला द विन्यो नावाचा एक तरुण फ्रेंच त्याच्याबरोबर होता. त्याने याआधी तेसुआकडे हिवाळा काढला होता आणि आपण उत्तरेचा समुद्र पाहून आलो, असे तो सांगत होता. शाम्प्लेनने पुढच्या प्रवासासाठी होड्या मागितल्या. तेसुआने धबधब्यांची भीती घातली, पुढचे निपिसिंग लोक चेटूक करणारे आहेत असे सांगितले आणि विन्यो खोटे बोलतो असे सर्वांसमक्ष म्हटले. शाम्प्लेनला तेथूनच परतावे लागले. फ्रेंच थेट निपिसिंगांपर्यंत गेले असते, तर बेटावरच्या जकातीला आणि मधल्या व्यापाराला काय अर्थ उरला असता, हे तेसुआ पुरते ओळखून होता, असे माझे मत आहे. पुढे शतकाच्या मध्यावर साथीचे रोग आणि इरोक्वांशी झालेली युद्धे यांनी नदीकाठच्या या वस्त्या उधळल्या गेल्या. १७०१ च्या मॉन्ट्रियल तहाने लढाया थांबल्या, पण तोवर जुनी सत्ता गेलेली होती.

उत्तर : काथ्या (मालवण)

इतिहास वरच्या उत्तरात आलाच आहे, म्हणून मी भाषेपुरते लिहितो. अल्गॉन्क्विन ही स्वतंत्र भाषा की ओजिब्वेची एक बोली, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. भाषाशास्त्रज्ञ तिला ओजिब्वेच्या बोलीसाखळीतली, पूर्वेकडील आणि बरीच वेगळी पडलेली कडी मानतात. बोलणाऱ्यांच्या दृष्टीने ती त्यांची भाषा आहे. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, म्हणून चौकटीत ‘ओजिब्वेशी अत्यंत जवळची भाषा’ असे लिहिणे पुरेसे होईल.

मराठी वाचकाला या भाषेतली एक गोष्ट लगेच उमजेल. समोरच्याला धरून ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’ हा भेद तिच्यात आहे. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना तो समजावून द्यावा लागतो, आपल्याकडचे लहान मूल तो सहज पाळते. मात्र तेथील रचना आपल्याहून निराळी आहे. ‘मी’ साठी क्रियापदाला ‘नि’ हा उपसर्ग लागतो आणि ‘तू’ साठी ‘कि’ किंवा ‘गि’. ‘आपण’ या अर्थाच्या रूपालाही ‘तू’ चाच उपसर्ग लागतो, कारण त्यात ऐकणारा असतो. वाक्यात ‘मी’ आणि ‘तू’ दोघेही आले, तर उपसर्ग नेहमी ‘तू’ चा येतो, मग पाहणारा कोणीही असो. ओजिब्वेत ‘गिवाबमिन’ म्हणजे मी तुला पाहतो आणि ‘गिवाबम’ म्हणजे तू मला पाहतोस. कोण कोणाला पाहतो, हे शब्दाच्या शेवटावरून कळते.

दुसरी गोष्ट लिंगाची. पुल्लिंग आणि स्त्रीलिंग असा भेद तेथे नाही. नामे सजीव आणि निर्जीव अशा दोन वर्गांत पडतात आणि त्यानुसार क्रियापद बदलते. माणसे, प्राणी आणि झाडे सजीव वर्गात येतात. पण ओजिब्वेत दगडही सजीव वर्गात आहे, आणि रासबेरी सजीव असताना स्ट्रॉबेरी निर्जीव आहे. यावरून ‘या लोकांना दगडात प्राण दिसतो’ अशी विधाने उत्साहाने केली जातात; ती मला उतावळी वाटतात. मराठीत दगड पुल्लिंगी आणि शिळा स्त्रीलिंगी आहे, म्हणून आपण दगडाला पुरुष समजत नाही. व्याकरणाचा वर्ग आणि श्रद्धा यांचा संबंध असूही शकतो, पण तो केवळ एका यादीवरून सिद्ध होत नाही.

तिसरी गोष्ट अशी की, बोलण्यात दोन तृतीयपुरुषी व्यक्ती आल्या, तर मुख्य व्यक्ती कोणती आणि दुय्यम कोणती, हे प्रत्ययाने दाखवले जाते. ‘रामा गोविंदाला भेटला तेव्हा तो आजारी होता’ या मराठी वाक्यात आजारी कोण, हे कळत नाही. अल्गॉन्क्वियन भाषांत असा संशय सहसा उरत नाही.

या कुलाशी आपल्याकडच्या विद्येचाही एक धागा जुळलेला आहे. लेनर्ड ब्लूमफील्ड या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने विस्कॉन्सिनमधील मेनॉमिनी लोकांत राहून त्यांची भाषा नोंदवली आणि १९२५ मध्ये फॉक्स, क्री, मेनॉमिनी आणि ओजिब्वे यांच्या तुलनेतून या भाषांच्या मूळ ध्वनिव्यवस्थेची मांडणी केली. लेखी परंपरा नसलेल्या भाषांना ध्वनिनियम (ध्वनी काळाच्या ओघात ठरावीक रीतीने बदलतात, हे तत्त्व) लागू पडतात का, याबद्दल तेव्हा शंका घेतली जात असे. ब्लूमफील्डने ‘तांबडा’ या अर्थाच्या शब्दासाठी एक स्वतंत्र जोडाक्षर गृहीत धरले होते, जे त्या चारही भाषांत वेगळे असे उरलेले नव्हते. पुढे तीनच वर्षांत क्रीच्या एका दुसऱ्या बोलीत ते खरोखर वेगळे आढळल्याचे त्याला दाखवता आले. हाच ब्लूमफील्ड पाणिनीचा मोठा चाहता होता. १९३९ मध्ये त्याने मेनॉमिनीच्या ध्वनिबदलांचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात नियम एका ठरावीक क्रमाने एकामागून एक लागू होतात. या पद्धतीवर अष्टाध्यायीची छाप असल्याचे अभ्यासक मानतात.

उत्तर : चिकूवाडी (घोलवड)

‘क्विन’ आणि ‘क्वियन’ हा भेद योग्यच आहे, पण सुरंगीताईंच्या प्रश्नाचा अर्धा भाग उद्यान आणि हॉटेल यांच्याविषयीचा होता आणि तो तसाच राहिला आहे.

आमच्या पालघरकडे राहणाऱ्याला या गोंधळाचे फारसे नवल वाटत नाही. येथे ‘कोकणी’ म्हटले की आधी विचारावे लागते : गोव्याची भाषा, किनारपट्टीवरचा कोणीही माणूस, कोकणी मुसलमान, की डहाणू-जव्हारपासून नाशिक आणि डांगपर्यंत राहणारा कोकणा आदिवासी? कोकणा समाजाची बोली गोव्याच्या कोकणीहून वेगळी आहे, तरी नावामुळे बाहेरचे लोक दोहोंना एकच समजतात. अल्गॉन्क्विनांच्या बाबतीत फरक एवढाच की, त्यांचे नाव पसरवणारे बहुतेक त्यांच्या समाजाबाहेरचे होते.

हॉटेलचे पाहा. न्यूयॉर्कच्या चव्वेचाळिसाव्या रस्त्यावरचे अल्गॉन्क्विन हॉटेल १९०२ मध्ये सुरू झाले आणि १९१९ पासून तेथे जमणाऱ्या लेखक-पत्रकारांच्या मंडळामुळे प्रसिद्धीस आले. इंग्रजी साहित्याच्या वाचकाला हे नाव कित्येकदा त्या मंडळामुळेच माहीत असते. पण अल्गॉन्क्विन समाज मॅनहॅटनमध्ये कधीच राहत नव्हता. ते बेट लेनापे लोकांचे. त्यांची मुन्सी भाषा अल्गॉन्क्वियन कुलातली आहे, एवढाच काय तो संबंध. न्यूयॉर्क राज्याच्या अॅडिरॉन्डॅक पर्वतात याच नावाचे शिखर आहे, इलिनॉय राज्यात गाव आहे, कॅनडाच्या नौदलात या नावाच्या दोन विनाशिका होऊन गेल्या. हिमयुगाच्या अखेरीस आजच्या ह्युरॉन आणि मिशिगन सरोवरांच्या परिसरात असलेल्या विशाल जलाशयाला भूवैज्ञानिकांनी ‘अल्गॉन्क्विन सरोवर’ म्हटले, आणि ‘अल्गॉन्कियन’ हे अतिप्राचीन (कँब्रियनपूर्व) खडकांच्या एका कालखंडाचेही नाव होते, जे आता मागे पडले आहे. या सर्व ठिकाणी नाव उचललेले आहे, त्याहून अधिक काही नाही.

उद्यानाची गोष्ट तशी नाही. ओंटारियो प्रांताने १८९३ मध्ये स्थापन केलेले अल्गॉन्क्विन उद्यान सुमारे ७,६०० चौरस किलोमीटरचे आहे, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहून थोडेच लहान. नद्यांचे उगम आणि वन्य प्राणी राखणे हा त्याचा जाहीर हेतू होता. लाकूडतोड मात्र तेथे चालू राहिली आणि आजही चालते. ज्यांचे नाव उद्यानाला दिले, ते लोक त्याच जंगलात पिढ्यान्‌पिढ्या शिकार करीत आणि सापळे लावीत आले होते. उद्यान झाल्यावर त्यांची शिकार गुन्हा ठरली. नाव सन्मानाने घ्यायचे आणि वहिवाट काढून घ्यायची, हा प्रकार आपल्याकडच्या अभयारण्यांच्या कडेला राहणाऱ्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

या खोऱ्यातील जमीन अल्गॉन्क्विनांनी कोणत्याही तहाने सोडून दिलेली नाही. ओटावातील संसद भवन ज्या टेकडीवर उभे आहे, ती जमीनही त्यातच येते. जमिनीबाबतचे त्यांचे अर्ज अठराव्या शतकापासून चालू आहेत. ओंटारियोच्या बाजूचा दावा सुमारे ३६,००० चौरस किलोमीटरचा असून त्यात ओटावा शहर आणि उद्यानाचा मोठा भाग येतो. २०१६ मध्ये तत्त्वतः करारावर सह्या झाल्या. त्यात १,१७,५०० एकर जमीन आणि ३० कोटी डॉलर देण्याची तरतूद होती. अंतिम कराराच्या वाटाघाटी त्यानंतरही चालू राहिल्या, आणि या दाव्यात अल्गॉन्क्विन म्हणून कोणाला धरावे यावर क्युबेकच्या बाजूच्या वस्त्यांनी आक्षेप घेतले. म्हणजे ‘हे नाव नक्की कोणाचे’ हा वाद तेथे कागदोपत्री आणि जमिनीच्या हक्काशी जोडलेला आहे.

जाता जाता, ‘ओटावा’ हे नाव ओडावा या दुसऱ्या समाजाचे आहे. हे लोक व्यापारासाठी या नदीतून ये-जा करीत, म्हणून फ्रेंचांनी नदीला त्यांचे नाव दिले आणि नदीवरून राजधानीला. अल्गॉन्क्विनांच्या प्रदेशातल्या शहराला त्यांच्या पाहुण्यांचे नाव मिळाले.

सुरंगी (रत्नागिरी)

आपणा सर्वांची मी मनःपूर्वक ऋणी आहे. दोन शंका उरल्या आहेत. आमच्या एका सभासदांनी चौकटीच्या मजकुरात ‘नामशेष होत चाललेली जमात’ असे लिहून दिले आहे. ते ठेवावे का? आणि चित्र म्हणून त्यांनी शंकूच्या आकाराचा कातडी तंबू काढून आणला आहे. तो मला संशयास्पद वाटतो, परंतु नेमके कारण सांगता येत नाही.

उत्तर : खाडीकाठ (दापोली)

‘नामशेष’ हा शब्द कृपया काढून टाकावा. क्युबेकमध्ये त्यांच्या नऊ मान्यताप्राप्त वस्त्या आहेत. किटिगान झिबी, लाक सिमों, पिकोगान ही त्यांतली काही नावे. ओंटारियोत गोल्डन लेकच्या काठी पिक्वाकानागान आहे. भाषेची स्थिती सर्वत्र सारखी नाही. क्युबेकच्या उत्तर भागातील वस्त्यांत ती घरात अधिक टिकून आहे. पिक्वाकानागानला मात्र ती नव्याने शिकवावी लागते. या ओहोटीचे मोठे कारण निवासी शाळा हे आहे. मुलांना घरापासून तोडून या शाळांत ठेवले जाई आणि स्वतःची भाषा बोलल्यास शिक्षा होई. क्युबेकमधील आमोस गावाजवळची अशी शाळा १९५५ ते १९७३ या काळात चालली आणि तीत अनेक अल्गॉन्क्विन मुले होती. अशा शाळांबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनी २००८ मध्ये संसदेत माफी मागितली.

आणखी एक अडचण लिपीची आहे. काही वस्त्यांची दुसरी भाषा इंग्रजी, काहींची फ्रेंच, त्यामुळे एकच शब्द दोन वस्त्यांत दोन तऱ्हांनी लिहिला जातो. जुन्या लिखाणात तर ‘व’ सारख्या ध्वनीसाठी चक्क आठचा आकडाही वापरलेला आढळतो. फ्रेंच मिशनऱ्यांची ती जुनी सवय होती. आपल्या मजकुरात उच्चारानुसारी देवनागरी ठेवल्यास या भानगडीत पडावे लागणार नाही.

उत्तर : काथ्या (मालवण)

चित्राबद्दलचा आपला संशय रास्त आहे. कातडी तंबू हा गवताळ मैदानांतल्या लोकांचा. ब्लॅकफूट आणि शायान तो वापरीत आणि ते अल्गॉन्क्वियन कुलातले आहेत खरे, परंतु ओटावा खोऱ्यातले अल्गॉन्क्विन जंगलात राहणारे होते. त्यांची घरे वाकवलेल्या काठ्यांच्या सांगाड्यावर भूर्जाची साल घालून केलेली असत. त्यापेक्षा होडी काढावी. भूर्जाच्या सालीचे मोठे तुकडे स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या मुळांनी शिवून, शिवणीवर त्याच झाडाचा डिंक लावून आणि आतून तेथे ‘सीडर’ म्हटल्या जाणाऱ्या झाडाच्या लाकडाच्या बारीक फळ्या बसवून ती तयार होते. वजनाने ती इतकी हलकी असते की, धबधब्यापाशी खांद्यावर घेऊन चालता येते. किटिगान झिबीचे विल्यम कमांडा (१९१३–२०११) हे अशा होड्या बांधणारे नामांकित कारागीर होते आणि समाजाचे जुने मणीपट्टेही (करारांची आठवण जपणारे, शिंपल्यांच्या मण्यांचे पट्टे) त्यांच्याच ताब्यात असत. त्यांचे नाव चौकटीत आल्यास समाज आजचाही आहे, हे वेगळे सांगावे लागणार नाही. नकाशा देणार असाल तर वस्त्या नदीच्या दोन्ही काठांवर दाखवाव्यात, कारण क्युबेक आणि ओंटारियो यांची सीमा बऱ्याच अंतरापर्यंत त्या नदीतूनच जाते.